डावीकडचा आवाज

१२ जानेवारी २०२५, रविवार

रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी वही लिहायची सवय सुटली नाही. रेल्वेच्या सिग्नल-टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं हेच केलं. बिघाड कुठे, काय बदललं, काय फरक पडला, सगळं त्याच दिवशी लिहायचं. आज नवी वही काढली, कारण विहाराच्या समितीनं एक काम गळ्यात घातलं आहे आणि मले त्याची धास्ती वाटून राहिली आहे.

इथं हिंदी मुलखात, गुढियारी वस्तीतल्या आमच्या विहाराच्या वरच्या खोलीत ऐकायची सोय करायची आहे. आमच्या पाऱ्यात, इकडे मोहल्ल्याले पारा म्हणतात, पूर्वी एक गायन पार्टी होती. तिच्या बत्तीस कॅसेटी मी चार वर्षं बसून कॉम्प्युटरवर उतरवल्या. गाणाऱ्यांपैकी आता एकट्या देवकाबाई उरल्या आहेत, ऐंशीच्या. पाऱ्यातल्या कोणीही यावं, बसावं, ऐकावं, एवढाच बेत. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर दानात आले. प्रश्न उरला तो एकच, की फाइली वाजवायच्या कशावर?

मी म्हटलं, माझ्याजवळ एका ऑफिसातून भंगारात निघालेला छोटा कॉम्प्युटर आहे, तो पुरतो. समितीचा सचिव सुशील उरला इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यात सुपरवायझर आहे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तो म्हणाला, आपल्या लोकांनी दरवेळी जुन्यावरच काहून भागवायचं? त्यानं शंकर नगरच्या दुकानात स्ट्रीमर पाहून ठेवला आहे. स्ट्रीमर म्हणजे फक्त गाणी वाजवण्यासाठी बनवलेला जाड ॲल्युमिनियमचा डबा. काम तेच, जे माझा कॉम्प्युटर करतो. खोलीची फरशी, खिडक्या, रंग मिळूनही जेवढं लागलं नाही तेवढी त्याची किंमत. सुशील म्हणतो, आवाज ऐकला की माणूस हलत नाही. मी म्हणतो, फाइलीतले आकडे तेच तर आवाज तोच.

शेवटी ठरलं, की मी दोन्ही ऐकायचे आणि सव्वीस तारखेले सगळ्यांसमोर सांगायचं. "तुमच्या कानावर सगळ्यायचा भरोसा हाये, भैया," सुशील म्हणाला. मनापासूनच म्हणाला. रात्री ताट तसंच सरकवलं.

१४ जानेवारी, मंगळवार

घरी समोरच्या खोलीत स्पीकर मांडले. दोरीनं मोजून खुर्ची बरोबर मधोमध ठेवली. कॉम्प्युटरवरून गायन पार्टी लावली. देवकाबाईंचा तरुणपणीचा आवाज दोन स्पीकरच्या मध्ये, जसा काही तिथे माणूस उभा आहे. पेटी डावीकडे, ढोलकी उजवीकडे. माझी बायको शांता कणकेचे हात तसेच धरून दारात उभी राहिली. आमची ही बाई गाण्यासाठी काम सोडत नाही कधी.

याच्याहून जास्त काय पाहिजे? सुशीलले काय सांगायचं ते ठरलं. आज भूकही लागली.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी उठलो तो डावा कान बंद. थंडी फार आहे, सर्दी उतरली असेल. उठताना एक गिरकी आली, पलंगाची पट्टी धरून बसलो. कानाचं शांताले सांगितलं, गिरकीचं नाही.

दुपारी गाणी लावली आणि घाबरलो. डावीकडचा स्पीकर मेल्यासारखा. पेटी कुठे तरी भिंतीपल्याड. देवकाबाई मधून सरकून उजव्या स्पीकरात जाऊन बसल्या. दोन दिवसांत काय झालं? डावी बाजू कमजोर पडली, एवढं नक्की.

शांता म्हणाली, कान दाखवून या. सर्दीसाठी कोणी डॉक्टरकडे जाते का?

१७ जानेवारी, शुक्रवार

एका वेळी एकच वस्तू बदलायची, हा नियम. कॉम्प्युटरची वायर बदलून नवी लावली. फरक नाही. ॲम्प्लिफायर काढून माझा जुना लावला. फरक नाही. स्पीकर जड आहेत, कमरेमुळे उचलवत नाहीत, म्हणून खाली बसून एकेकाले कान लावून पाहिला. डाव्या स्पीकरले उजवा कान लावला, ठणठणीत. उजव्यालेही लावला, ठणठणीत. खुर्चीवर येऊन बसलो की डावा पुन्हा मेलेला.

उरला कॉम्प्युटर. म्हणजे बिघाड त्यातच. चार वर्षं मी ज्याच्यावर त्या माणसांचे आवाज उतरवले, ते सगळेच खराब उतरले असतील काय?

१८ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस वाईट. आता डावीकडून घूंऽऽ असा आवाजही येतो, ट्यूबलाइटचा जुना चोक करते तसा. अर्थिंगचा दोष असेल म्हणून कॉम्प्युटरचा प्लग काढला. आवाज राहिला. ॲम्प्लिफायर बंद केला. राहिला. साडेअकराले लाइन गेली, फ्रिज थांबला, घर एकदम शांत झालं, तरी तो होताच.

शांताले विचारलं, तुले येते का ऐकू? ती म्हणाली, कायचा आवाज? मी म्हटलं, गल्लीच्या तोंडावरच्या ट्रान्सफॉर्मरचा असंन.

"लाइन तं पूर्ण पाऱ्याची गेली," ती म्हणाली आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

कोणाच्या तरी घरी इन्व्हर्टर चालू असेल. तोच असणार.

१९ जानेवारी, रविवार

सुशीलच्या मोटारसायकलवर शंकर नगरले गेलो. तो रस्ताभर बोलत होता, वाऱ्यामुळे एक शब्द कळला नाही, मी हो हो करत गेलो.

दुकानात ऐकायची वेगळी खोली आहे, खाली गालिचा, भिंतींना कापड. सोफ्याच्या मधल्या जागी सुशील बसला, मी डाव्या टोकाले. दुकानदारानं आवाज जरा चढवूनच ठेवला होता. चढवलेला आवाज माणसाले नेहमीच चांगला वाटते, हे मले माहीत आहे, म्हणून सावध होतो. मी नेलेल्या पेन ड्राइव्हवरून गायन पार्टी लागली आणि डावीकडून पेटी आली. तीन दिवसांत पहिल्यांदा, समोरून, भरून आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुशीलनं पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

म्हणजे फरक आहे. डबा खरंच चांगला आहे. म्हणजे मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आलो ते चूक. घरी येऊन वहीची जुनी पानं काढून पाहिली, तर प्रत्येक ठिकाणी माझंच अक्षर, किती खात्रीनं लिहिलेलं. त्या खात्रीचीच आता भीती वाटते. अजून कशाकशात चुकलो असेन?

२१ जानेवारी, मंगळवार

गोल बाजारात प्लग घ्यायले गेलो होतो. रस्ता ओलांडताना डाव्या अंगाले काहीतरी लागलं आणि मी भांड्यांच्या दुकानासमोर पडलो. ई-रिक्शा. या गाड्यांना आवाजच नाही. ड्रायव्हर खाली उतरून ओरडून राहिला, की चार बार हॉर्न मारा हूँ बाबूजी. दुकानातल्या बाईनंही मान हलवली. मले एकही हॉर्न आला नाही. बाजारात गलबला किती, त्यात कोणाले काय ऐकू येणार?

कोपर खरचटलं. शांताले सांगितलं, पायरीवर घसरलो. खोटं बोलताना तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

शांता रागावली आहे बहुतेक. तीन-चार दिवसांपासून माझ्याशी मोठ्यानं बोलते, एकेक शब्द तोडून. जेवायले तीस वर्षं माझ्या डाव्या हाताले बसत आली, काल ताट उचलून उजवीकडे गेली. विचारलं तर म्हणाली, तिकडे हवा लागते. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझं, तेही काढून घेतलं. आज चेतनाले काही सांगत होती. मी आलो तशा दोघी चूप झाल्या.

चेतना आमची मुलगी, शाळेत शिकवते. मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीतच देते. तिनं तिचे हेडफोन आणून माझ्यासमोर ठेवले. "बाबा, एक बार इनसे सुनकर देखिए ना।" मी म्हटलं, असल्या हलक्या वस्तूनं परीक्षा होत नसते. तिनं ते उचलले नाहीत. अजून टेबलावर आहेत. मी त्यांच्यावर वर्तमानपत्र ठेवलं.

काहून कोण जाणे, आज नरहरीभाऊची आठवण येऊन राहिली. माझा मोठा भाऊ. वॅगन दुरुस्तीच्या शॉपमध्ये घणाच्या आवाजात त्याचे दोन्ही कान गेले. लग्नाकार्यात त्याले कोपऱ्यात खुर्ची देत. पोट्टे त्याच्यासमोर नुसते ओठ हलवत, आणि तो, काहीतरी गमतीचं असेल म्हणून, सगळ्यांच्या संगं हसे. एकदा मीही हसलो होतो. तो माझ्याकडे पाहून अजून जोरानं हसला.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर सभा. चाळीसेक लोक. बायकांची रांग सोडून शांता माझ्या उजव्या हाताले येऊन बसली.

मी उभा राहिलो आणि सांगितलं, की माझ्या कॉम्प्युटरमध्ये डावी बाजू दबते, स्ट्रीमरमध्ये ती भरून येते, समितीनं स्ट्रीमर घ्यावा. कोणाले वाटलं नव्हतं मी असं बोलीन. सुशील उठून माझ्या पाया पडला. देवकाबाईंनी काहीतरी विचारलं, मले कळलं नाही, शांतानं मले पुन्हा सांगितलं. त्या विचारत होत्या, "तुले खरंच चांगलं वाटलं का रे, मारोती?" मी हो म्हटलं. टाळ्या झाल्या. शांतानं वाजवल्या नाहीत.

खरं बोललो तर एवढी छाती काहून धडधडून राहिली?

२८ जानेवारी, मंगळवार

स्ट्रीमर आला. गाणी भरून द्यायची म्हणून सुशीलनं आधी माझ्याच घरी आणला. दुकानदारानं पंधरा दिवसांची परतीची मुदत दिली आहे. सुशील गेल्यावर जोडला, खुर्चीवर बसलो, लावला.

डावी बाजू मेलेली. तशीच. पेटी भिंतीपल्याड, देवकाबाई उजव्या स्पीकरात. आणि वर तो घूंऽऽ.

वायर नवी. ॲम्प्लिफायर दोन लावून झाले. कॉम्प्युटर काढून ठेवला, डबा नवा. आता काय राहिलं? आज पुढे लिहायचं नाही.

२९ जानेवारी, बुधवार

लिहितो. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी दहाच्या सुमारास खुर्चीवर बसून तेच गाणं ऐकत होतो. भिंतीवर सावली हलली म्हणून कळलं, की मागे शांता चहा घेऊन उभी आहे. खुर्चीवरून उठून तिच्याकडे तोंड केलं. गाणं चालूच होतं, स्पीकर आता माझ्या पाठीमागे. आणि पेटी आली. साफ आली. दबली ती ढोलकी.

स्पीकरकडे तोंड केलं. पेटी गेली. पाठ केली. पेटी आली, ढोलकी गेली. मी फिरलो तसा बिघाड माझ्यासंगं फिरला. तीनदा केलं. चौथ्यांदा न करता जमिनीवर बसलो.

नवा शिकाऊ पोट्टाही पहिले डावं-उजवं अदलून पाहते. मी बारा दिवस ते केलं नाही. कंबर दुखते म्हणालो. चेतनाचे हेडफोन सहा दिवस टेबलावर होते. आता कळते, की माझ्या मनाले माहीत होतं. फक्त मले माहीत नव्हतं.

शांतानं चहा खाली ठेवला आणि माझ्या उजव्या बाजूले येऊन बसली.

"तुम्हाले डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली. "दोन हप्ते झाले."

"तुले कधी समजलं?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही झोपेत कूस बदलली, उजवा कान उशीत गेला, अन् मी आवाज देऊन राहिली तं तुम्ही उठेच ना. मले वाटलं, तुम्ही गेले."

मग ती रडली. तीस वर्षांत मी तिले असं रडताना पाहिलं नाही. कान दाखवून या, असं तिनं मले किती वेळा म्हटलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

३० जानेवारी, गुरुवार

कानाच्या डॉक्टर. ऋता मॅडम, आमच्या चेतनाहून लहान असतील. बंद काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाची पाळी होती तेव्हा दाबत गेलो. डाव्याची आली तेव्हा काचेपल्याड मॅडमचा हात मशीनवर फिरताना दिसत होता आणि मले काहीच येत नव्हतं. एकदा भीतीनं उगीच दाबलं. त्यांनी मान वर करून पाहिलं. त्यांनाही कळलं असेल.

कानाच्या नसेले अचानक झटका बसतो म्हणे, बहुतेक वेळा कारण सापडत नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत औषध सुरू झालं तर परत येण्याची आशा जास्त असते. आता गोळ्या सुरू केल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनही देतील. डोक्यात गाठ नाही ना, हे पाहायले मोठ्या मशीनची तपासणी करायची आहे.

"अंकल, आप पंद्रह दिन कर क्या रहे थे?" त्यांनी विचारलं.

"वायर बदल रहा था," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. शांतानं माझा हात धरला.

१ फेब्रुवारी, शनिवार

मशीनमध्ये चाळीस मिनिटं. डोकं पट्ट्यानं बांधलं होतं. भिंतीवर हातोडे पडावेत तशी ठकठक, सगळी उजव्याच कानात. गाठ असली तर काय, हा एकच विचार. आणि उजवाही गेला तर काय, हा दुसरा. मनात त्रिशरण म्हणायले लागलो, मधेच शब्द विसरलो, पुन्हा सुरू केलं.

रिपोर्ट सोमवारी.

३ फेब्रुवारी, सोमवार

गाठ नाही.

दवाखान्याच्या बाहेर उभ्यानंच उसाचा रस प्यालो, मी आणि शांता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन इंजेक्शनं झाली. घूंऽऽ कमी नाही. डाव्या कानाशी शांता टाळी वाजवते तेव्हा टाळी नाही, पण काहीतरी लागल्यासारखं वाटते. मॅडम म्हणाल्या, वाट पाहू.

परतीची मुदत अकरा तारखेले संपते. समितीले सांगायले पाहिजे, की त्या दिवशी मी जे बोललो ते बिघडलेल्या कानानं बोललो. दुकानात मी सोफ्याच्या टोकाले होतो, डावा स्पीकर नाकासमोर, म्हणून पेटी आली. डब्यामुळे नाही.

चेतना म्हणते, "इतना ही बोल दीजिए ना कि महँगा है। कान की बात बताने की क्या ज़रूरत?" पोरीचं मन मोठं आहे, माझी लाज राखायले पाहते. आणि मलेही तेच पाहिजे आहे. रात्रंदिवस तेच वाक्य घोकून राहिलो, की महाग आहे, महाग आहे. एकदा का कान गेला हे कळलं, की मले कोपऱ्यात खुर्ची देतील. कोणी काही विचारायच्या आधी शांताकडे पाहतील. मी बोलून राहिलो असलो की एकमेकांकडे पाहून हसतील, आणि मीही हसेन.

शांताले विचारलं. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, तुम्हाले जे सांगायचं ते सांगा, पण मले एकटीले सभेत पाठवून स्वतः घरी थांबू नका.

९ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

विहारात वरच्या खोलीत पंधरा-वीस जण होते. उभा राहिलो. म्हटलं, "माझा डावा कान गेला आहे. सोळा जानेवारीले गेला. सव्वीस तारखेले मी तुम्हाले जे सांगितलं ते कानाच्या दोषानं सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये काही बिघाड नव्हता. मले माफ करा."

कोणी बोललं नाही. निदान मले ऐकू आलं नाही. मग सुशील हळूच म्हणाला, "पण भैया, माहे तं दोन्ही कान चांगले हायेत. मले फरक आला होता."

ते खरं होतं. त्याले खोटं पाडायले मी गेलो नव्हतो. मी म्हटलं, पाहून घेऊ. पलंगपोसाचा पडदा बांधला. मागे कॉम्प्युटर आणि स्ट्रीमर, दोन्ही एकाच ॲम्प्लिफायरले जोडलेले. चेतनानं मोबाइलवर मोजून दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा केला. दुकानात नेमकं हेच झालं नव्हतं. नाणं उडवून ती कधी हा लावणार, कधी तो. ऐकणाऱ्यानं फक्त सांगायचं, कोणता. दहा वेळा. मी समोर बसून कागदावर खुणा केल्या.

सुशील मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसला. पहिले तीन बरोबर आले तेव्हा खोलीत कुजबुज झाली असावी, सगळ्यांची डोकी हलली. मलेही वाटलं, की हा बरोबर आहे. मग चुकायले लागला. शेवटी दहापैकी पाच. समितीतला विकी बसला, त्याचे चार. देवकाबाईंनी तिसऱ्या वेळीच हात वर केला.

"दोन्ही डब्ब्यात मीच हाओ," त्या म्हणाल्या. "अन् दोन्हीत दुसऱ्या कडव्याले माहा दम तुटते. आता बंद करा बापा, मले त्या पेटीवाल्याची आठवण येऊन राहिली."

मी बरोबर ठरलो. पण मले काहीच वाटलं नाही. ज्याचा एवढा वाद घातला, ते माझं मले आता ऐकताच येत नाही. दुसऱ्यांच्या उत्तरांवर बरोबर-चूक लिहीत गेलो, एवढंच.

स्ट्रीमर परत करायचं ठरलं. सुशीलनं खोक्यात स्वतः भरला, थर्माकोल नीट बसवला, कोणाले हात लावू दिला नाही. त्याचं मन दुखलं आहे. त्याले विहारात एक चांगली वस्तू पाहिजे होती, नवी, कोणाची उतरलेली नाही, आणि त्यात काही वाईट नव्हतं. फाटकापाशी तो थांबला, माझ्या डावीकडून फिरून उजवीकडे आला.

"भैया, उजवा ठीक हाये ना?" त्यानं विचारलं.

हव, म्हटलं. पण त्यानं विचारलं तेव्हापासून तीच एक भीती राहिली आहे. बाकीच्या सगळ्या गेल्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुसरी तपासणी. डाव्या कानाची रेघ थोडी वर आली. जाड आवाज येतील, बोलणं समजणार नाही. मॅडम म्हणाल्या, आता यापुढे फार येईल असं वाटत नाही. त्यांनी ते सांगताना नजर चुकवली नाही, याचं बरं वाटलं. उजवा चांगला आहे. मी विचारलं, तो जाणार नाही ना? त्या म्हणाल्या, असं दोन्ही कानांना होणं फार कमी. फार कमी म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.

ऐकायची खोली रविवारी सुरू झाली. कॉम्प्युटरच आहे. दुपारी बायका येतात, सुशीलची आईही येते. मी कडेच्या खुर्चीत बसतो, उजवा कान पुढे करून. कोणी हसलं नाही. एक-दोघं माझ्याशी जरा जास्तच मोठ्यानं बोलतात, मी त्यांना सांगतो, हळू बोला.

२ मार्च, रविवार

आजकाल सकाळी जाग आली की डोळे उघडत नाही. उताणा पडून राहतो. उजव्या कानात काही येते का पाहतो. नळाचं पाणी, रस्त्यावरचा दूधवाला, काहीही. जोपर्यंत काही येत नाही तोपर्यंत श्वासही घेत नाही. हे मी कोणाले सांगितलेलं नाही.

पण शांता रोज त्याच वेळी माझ्या उजव्या बाजूले येऊन "अहो" म्हणते. एकदाच, हळू. मी हं म्हणतो, ती चहा ठेवायले जाते. मले वाटे, उठवायले येते.

आज मी आधीच जागा होतो. दूधवाल्याची सायकल ऐकली होती, मन शांत होतं. ती आली, अहो म्हणाली. मी उगीच उत्तर दिलं नाही, थोडं पडून राहावं वाटलं.

ती तशीच उभी राहिली. मग दुसऱ्यांदा म्हणाली, "अहो." तो आवाज कापत होता. त्यातली भीती मले पूर्ण ऐकू आली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मी डोळे उघडले आणि तिचा हात धरला.

"येऊन राहिलं ऐकू," मी म्हटलं.